संप वैमानिकांचा, हिशेब कंपनीचा

वैमानिकांचा संप आणि वादळ यांत मी बरीच वर्षं फरक करत नव्हतो. संप काही कंपनीनं पुकारलेला नसतो; मग तिकिटाचे पैसे परत केले की तिची जबाबदारी संपली, असं माझं मत. वर भरपाईही द्यायला लावली, तर संघटनेच्या हाती आयतं हत्यार येईल, अशी धास्तीही होती.

ते मत बदललं एका खटल्यानं. २०१९च्या एप्रिलअखेरीस स्कँडिनेव्हियातल्या एसएएस कंपनीच्या वैमानिकांनी पगार आणि कामाच्या वेळांसाठी सात दिवस संप केला. माल्मो-स्टॉकहोम विमान ऐन दिवशी रद्द झालं म्हणून एका प्रवाशासाठी २५० युरोंची भरपाई मागण्यात आली. कंपनीचा बचाव माझ्याच मताचा होता. युरोपीय न्यायालयानं २०२१मध्ये तो फेटाळला. हवाई नियंत्रकांचा संप कंपनीच्या हाताबाहेरचा. स्वतःच्या कर्मचाऱ्यांशी पगारावरून होणारा तंटा मात्र तिच्या नेहमीच्या कारभाराचाच भाग, असा निकालाचा आशय.

मग एअर इंडियाच्या २०१२च्या संपाकडे पुन्हा पाहिलं. नव्या ड्रीमलायनरचं प्रशिक्षण कोणत्या वैमानिकांना द्यायचं, यावरून तो ५८ दिवस चालला. तो निर्णय व्यवस्थापनाचा, विरोध संघटनेचा. बोलणी फिसकटायला दोन पक्ष लागतात, आणि प्रवासी त्यांतला एकही नसतो. संघटनेचं बळ वाढेल ही धास्ती आजही मला अगदीच खोटी वाटत नाही. पण तेवढ्यासाठी भुर्दंड तिऱ्हाइताच्या माथी मारणं मला आता पटत नाही.

आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत संप अजून पूर आणि दंगलीच्याच पंक्तीत बसतो. विमान रद्द झालं तर पूर्ण परतावा किंवा दुसरं विमान मिळतं, भरपाई मात्र नाही. स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा संप या सवलतीतून वगळायला हवा. तोवर एवढं करा: संपाची नुसती कुणकुण लागली म्हणून घाईनं तिकीट रद्द करू नका. तुम्ही रद्द केलंत तर शुल्क कापलं जाईल. कंपनीनं रद्द केलं तर पूर्ण पैसे मागण्याचा हक्क तुमचा आहे.