दुसऱ्याच वर्गाची परीक्षा

डिसेंबर २०१९ मध्ये अंधेरीत मुलींची सतरा वर्षांखालील निमंत्रित फुटबॉल स्पर्धा झाली. आमच्या भुईगावाहून वसई रोडला यायचं, लोकल धरायची, की अंधेरी. स्वीडन आणि थायलंडचे संघ पाहुणे. आपल्या मुलींनी थायलंडला १-० हरवलं. अंतिम सामना मात्र स्वीडनने ४-० जिंकला.

ही तयारी भारतात होणाऱ्या २०२० च्या विश्वचषकाची. करोनामुळे तो पुढे गेला, मग रद्दच झाला. पुढे २०२२ मध्ये भारतात विश्वचषक झाला, पण अट होती २००५ किंवा नंतरच्या जन्माची. २००३-०४ साली जन्मलेल्या मुली वयानेच बाद!

शाळेत परीक्षा लांबली तरी तीच मुलं बसतात. इथे बसला दुसराच वर्ग. म्हणून थायलंडवरचा तो एकच गोल मला फार मोलाचा वाटतो.