ही भिंत कोणाची?

दोस्तांनो, गेल्या दिवाळीत मी आमच्या गावी, प्रकाशाला गेलो होतो. नंदुरबार जिल्ह्यातलं, शहादा तालुक्यातलं हे गाव. तापी आणि गोमाई या दोन नद्यांचा इथे संगम होतो. केदारेश्वर, पुष्पदंतेश्वर अशी जुनी देवळं काठावर आहेत. लोक गावाला ‘दक्षिण काशी’ म्हणतात.

फराळाचं ताट संपवून मी ओट्यावर जरा पाठ टेकली, तोच माझा भाचा वही घेऊन आला. आठवीत आहे पठ्ठ्या. वहीच्या शेवटच्या पानावर त्याने स्वतःचं नाव काढलं होतं, पण कसं? टम्म फुगलेली अक्षरं, एकमेकांच्या अंगावर रेललेली, मागे काळी सावली! मोबाईलवर पाहून काढलेली ती ग्राफिटीची अक्षरं होती. होती मात्र सगळी इंग्रजी.

“मामा, मराठीत काढायला गेलो की सगळं बिघडतं. असं का?” त्याने विचारलं. आणि मग हळूच पुढे सरकून म्हणाला, “आणि मामा, घाटाकडे एक मस्त मोठी भिंत आहे. तिथे काढलं तर?”

घाटाकडची भिंत म्हणताच माझ्या पोटात धस्स झालं. का, ते सांगतो.

गोष्ट आहे 1994 सालची. तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेलाच नव्हता, तो झाला 1 जुलै 1998 ला. आम्ही पत्ता लिहायचो ‘जिल्हा धुळे’. मी सातवीत होतो आणि आमच्या गल्लीत एक पेंटर राहायचे. सगळे त्यांना नाना म्हणत. बी-बियाणांच्या जाहिराती, दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावं, ‘मुलगी शिकली, प्रगती झाली’सारखी वाक्यं, असं पंचक्रोशीतलं सारं लिखाण नानांच्या हातचं. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या मागे मागे फिरायचो. डबा धर, शिडी धर, ब्रश रॉकेलमध्ये धू, अशी कामं मी आनंदाने करायचो.

नानांची पद्धत पाहण्यासारखी होती. आधी भिंतीला चुन्याचा हात. ती पूर्ण वाळल्याशिवाय ते ब्रशला हात लावत नसत. ओल्या भिंतीवर लिहिलं तर पुढच्या पावसाळ्यात पोपडे पडतात आणि अक्षरं लंगडी होतात. मग गेरूच्या पाण्यात भिजवलेली दोरी दोन टोकांना ताणून धरायची आणि मधोमध ओढून सोडायची. फट्! भिंतीवर सरळ लाल रेघ उमटायची. मग खडूने अक्षरांची बारीक आखणी आणि सगळ्यात शेवटी रंग. डाव्या हातात एक काठी तिरकी धरून तिच्यावर उजवं मनगट टेकवायचे, म्हणजे हात हलत नाही.

महिनाभरात मला वाटायला लागलं, आपल्यालाही सगळं येतं. एका दुपारी नाना जेवायला गेले. मी डब्याच्या तळाशी उरलेला निळा ऑइलपेंट आणि एक जुना ब्रश उचलला आणि गेलो घाटाकडे. तिथल्या एका जुन्या दगडी भिंतीवर हातभर उंचीच्या अक्षरांत मी माझं नाव लिहिलं. रंग ओघळला, पण नाव लांबून दिसत होतं. काय आनंद झाला म्हणून सांगू!

तो आनंद संध्याकाळपर्यंतच टिकला. मागे वळून पाहतो तर नाना उभे. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. पण नाना ओरडले नाहीत. त्यांनी आमच्या अहिराणीत एकच प्रश्न विचारला, “हाई भीत कोनी शे रे भाऊ?” म्हणजे, ही भिंत कोणाची आहे?

मी गप्प.

“तुनी शे का?”

मी मान हलवली. नाही.

नानांनी घरून रॉकेलची बाटली आणि नारळाचा काथ्या आणून माझ्या हातात दिला. मी घासत बसलो. अंधार पडला, हाताला फोड आले, तरी नाव काही जाईना. मित्रांनो, चुन्याच्या भिंतीवरून पुन्हा चुना फिरवता येतो, पण दगड रंग पिऊन टाकतो. बारीक बारीक छिद्रांमधून तेलाचा रंग आत उतरला होता. नावाची अक्षरं पुसट झाली, पण भोवती निळा फराटा पसरला. तो कितीतरी वर्षं तसाच होता. आजीबरोबर घाटावर गेलो की मी त्या बाजूला बघायचं टाळायचो. आजी काही बोलायची नाही. तिला वाचता येत नव्हतं, पण ते कोणाचं नाव आहे हे साऱ्या गावाने तिला सांगितलेलंच होतं.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “पण मामा, परदेशात तर लोक कुठेही काढतात ना?”

त्यालाही उत्तर आहे. ग्राफिटी हा शब्द मूळ इटालियन भाषेतला. त्याचा अर्थ खरवडून काढलेल्या रेघा. इटलीतलं पाँपेई शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. ते उकरून काढलं तेव्हा भिंतींवर सामान्य लोकांनी खरडलेली नावं, थट्टा, निवडणुकीचा प्रचार असं काय काय सापडलं! म्हणजे भिंत दिसली की हात शिवशिवणं हा माणसाचा जुनाच रोग.

आजच्या ग्राफिटीचा मोठा गाजावाजा झाला अमेरिकेत. न्यूयॉर्कमध्ये एक मुलगा सामान पोचवायचं काम करत शहरभर फिरायचा आणि जाईल तिथे ‘टाकी 183’ असं लिहायचा. टाकी हे त्याचं लाडकं नाव आणि 183 हा त्याच्या रस्त्याचा क्रमांक. 1971 साली वर्तमानपत्रात त्याच्यावर बातमी आली आणि मग काय, शेकडो मुलं नावं लिहायला लागली. आपलं नाव गर्दीत उठून दिसावं म्हणून कोणी अक्षरं फुगवली, कोणी सावल्या दिल्या, कोणी बाण काढले. त्यातून अक्षरांची एक नवी कला जन्मली हे खरं. पण तिथल्या भुयारी रेल्वेचे डबे आतून-बाहेरून इतके रंगले की ते धुता धुता रेल्वे मेटाकुटीला आली. 1989 साली सगळे डबे एकदाचे स्वच्छ झाले.

आपल्याकडेही ही कला आली, पण तिने जरा वेगळी वाट धरली. हनीफ कुरेशी नावाच्या चित्रकाराने गावोगावच्या पेंटरांची हाताने लिहिलेली अक्षरं गोळा केली आणि त्यांच्यापासून संगणकाचे टंक बनवायचं काम हाती घेतलं. भिंतींवर परवानगीने चित्रं काढणारी संस्थाही त्यांनी मित्रांबरोबर उभी केली. 2024 साली ते गेले. त्यांच्या कामाबद्दल वाचताना मला आमचे नानाच आठवले. फ्लेक्सचे बोर्ड आले आणि नानांचं काम हळूहळू थांबलं. आज नाना नाहीत आणि गावातल्या भिंतींवर त्यांचं एकही अक्षर उरलेलं नाही.

“ते ठीक आहे, पण मराठीत बिघडतं त्याचं काय?” भाचा काही सोडेना. मग आम्ही दोघं पेन्सिल, खोडरबर घेऊन बसलो. तुम्हीही बसा.

मराठी अक्षराला तीन मजले असतात. मधला मजला अक्षराचा, वरचा मात्रा-वेलांटीचा आणि खालचा उकाराचा. इंग्रजी अक्षरांसारखं कागद भरून लिहायला गेलात की वेलांटी कागदाबाहेर जाते. म्हणून वर आणि खाली अक्षराच्या निम्म्याइतकी जागा आधी मोकळी सोडा.

आता नाव अगदी फिकट, बारीक रेघेने लिहा. हा झाला सांगाडा. अक्षरांमध्ये नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवा, कारण अजून त्यांना बाळसं यायचंय. मग सांगाड्याच्या दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर दुसरी रेघ फिरवा. कोपरे गोल केलेत तर अक्षर फुग्यासारखं होईल, टोकदार ठेवलेत तर ठोकळ्यासारखं. मग आतला सांगाडा पुसून टाका.

इथेच माझ्या भाच्याची गाडी अडत होती. ‘व’ आणि ‘ब’ यांच्या पोटात पोकळी असते. अक्षर फुगवताना ती बुजली की ‘ब’मधली तिरकी रेघ जाते आणि ‘बबन’चा ‘ववन’ होतो! म्हणून पोकळी लहान ठेवा, पण ठेवाच. ‘ख’ तर भारीच फसवा. त्याचे दोन भाग सुटे पडले तर तो ‘रव’ दिसतो. नाना सांगायचे, कुणीतरी मिठाईच्या दुकानावर ‘खवा’ लिहायला गेला आणि गिऱ्हाईक वाचायला लागलं ‘रववा’. तेव्हा ‘ख’चे दोन्ही पाय खाली नीट जोडा.

शिरोरेषेची मात्र गंमत आहे. ती इंग्रजीत नाही, आपल्याकडे आहे. तिला सरळच ठेवायला हवं असं नाही. ती नदीच्या लाटेसारखी वळवा, शेवटी तिचा बाण करा, नाहीतर प्रत्येक अक्षराची वेगळी तोडून अक्षरं वर-खाली नाचवा. एक अक्षर दुसऱ्यावर रेलायचं असेल तर पुढे कोण आणि मागे कोण ते आधी ठरवा आणि मागच्याची झाकलेली रेघ पुसा.

राहिली सावली. कागदाच्या एका कोपऱ्यात छोटा सूर्य काढा. तो डावीकडे वर असेल तर सावली प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे आणि खाली पडेल, सगळीकडे सारख्याच जाडीची. एका अक्षराची सावली इकडे, दुसऱ्याची तिकडे असं झालं की चित्र फसलंच समजा. आत फिका रंग, कडेला गडद, आणि सूर्याच्या बाजूला पांढरी छोटी चमक. झालं! आता दहा पावलं मागे जा, डोळे बारीक करा आणि वाचा. वाचता आलं तर अक्षर, नाही तर नुसती नक्षी.

चार दिवसांत भाच्याची वही भरली. आता त्याला भिंत हवीच होती. मी म्हटलं, “जुन्या दगडाला हात लावायचा नाही.” आपल्या देशात संरक्षित प्राचीन वास्तू खराब करणं 1958 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि 2010 मध्ये त्याची शिक्षा दोन वर्षांच्या कैदेपर्यंत वाढवली गेली. पण आमच्या गावात मला कायद्याच्याही आधी दुसरंच आठवतं. 1955 साली पुरातत्त्व खात्याने प्रकाशाच्या टेकाडावर उत्खनन केलं, तेव्हा इथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती आणि रंगवलेली मातीची भांडी सापडली. भांडी बनवणारा स्वतःच्या भांड्यावर चित्र काढत होता. शेजाऱ्याच्या नाही!

भाचा विचार करून माझ्या आईकडे, म्हणजे त्याच्या आजीकडे गेला. “आजी, गोठ्याची मागची भिंत मला देशील?”

आईने माझ्याकडे एकदा पाहिलं. तीस वर्षांपूर्वीचा निळा फराटा तिलाही आठवला असावा. मग म्हणाली, “दिली. पण तुझं नाव नको. माझ्या म्हशीचं लिही.”

म्हशीचं नाव चांदी. दोन दिवस चुना वाळण्याची वाट पाहिली, गेरूची दोरी मी धरली. फट्! रेघ उमटली तेव्हा माझे डोळे जरा भरून आले. भाच्याने झकास फुगीर ‘चांदी’ काढली, सावलीसुद्धा बरोबर पडली. फक्त वरचा मजला थोडा कमी सोडला होता, त्यामुळे अनुस्वाराचा टिंब छपराच्या वाशावर द्यावा लागला.

चांदीने मान वळवून एकदा भिंतीकडे पाहिलं आणि पुन्हा कडबा खायला लागली.

तुम्हीही काढून पाहा. आधी वहीत, मग कोणी दिली तर भिंतीवर. मात्र ब्रश उचलण्याआधी नानांचा प्रश्न स्वतःला जरूर विचारा, हाई भीत कोनी शे?