रेषा हलली की आधी पेशंट बघायचा

ईईजीची, म्हणजे मेंदूच्या विजेच्या आलेखाची, वेळ देताना मी एक गोष्ट फोनवर दोनदा सांगते: आदल्या दिवशी शाम्पूनं केस धुवा आणि डोक्याला तेल लावू नका. तरी पालम, सोनपेठकडून सकाळच्या गाडीनं येणारी लेकरं चापूनचोपून तेल लावून, घट्ट वेण्या घालून येतात. शहरात न्यायचं म्हणजे लेकराला नीटनेटकं करून न्यायचं, यात त्या आईचं काय चुकलं? मग आम्हीच केस धुऊन, पुसून, पंख्याखाली वाळवून घेतो. तेलाचा थर राहिला की इलेक्ट्रोड कातडीला नीट लागत नाही, आणि नीट न लागलेला इलेक्ट्रोड मेंदूचं कमी, भिंतीतल्या विजेचंच जास्त सांगतो.

परभणीत एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे मी ईईजी टेक्निशियन आहे. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेपनं माप घ्यायचं, १० आणि २० टक्क्यांच्या अंतरावर पेन्सिलीनं खुणा करायच्या, कातडी हलकी घासून पेस्टनं २१ इलेक्ट्रोड बसवायचे. प्रत्येकाचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ५ किलोओहमच्या आत आला की रेकॉर्डिंग सुरू. डोक्याच्या कातडीवर मेंदूची वीज पोचते ती जेमतेम मायक्रोव्होल्टांत मोजण्याएवढी. खोलीतल्या भिंतीत २३० व्होल्ट फिरत असतात. एवढ्या गोंगाटात एवढा बारीक आवाज ऐकायचा, म्हणून फिल्टर लागतात.

पडद्यावर दहा सेकंदांचं एक पान सरकत राहतं. वरच्या पट्टीत तीन आकडे: खालचा फिल्टर ०.५ हर्ट्झ, वरचा ७० आणि नॉच. खालचा संथ हेलकावे अडवतो, वरचा बारीक खरखर अडवतो, आणि नॉच तेवढी ५० हर्ट्झची वीज कापतो. (नॉच ६० वर असेल तर तो अमेरिकेच्या विजेसाठी आहे, आपल्याकडे त्याचा काही उपयोग नाही. नवीन सॉफ्टवेअर बसवलं की मी पहिल्यांदा तेच बघते.) आकडा बदलला की पान क्षणात स्वच्छ दिसतं. हाताला त्याची चटक लागते, आणि ती लागू द्यायची नाही असा माझा हट्ट आहे.

कारण फिल्टरला मेंदूची लाट कोणती अन् घामाची कोणती हे कळत नाही, त्याला फक्त वेग कळतो. परभणीच्या मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या आसपास जातो. लाईट गेली की एसी बंद, कपाळावर घाम, आणि पुढच्या सगळ्या रेषा संथपणे वरखाली डोलायला लागतात. खालचा फिल्टर ०.५ वरून चढवत नेला की डोलणं थांबतं, पण मेंदूच्या एखाद्या भागाला मार बसलेला असेल तर तिथून येणाऱ्या संथ डेल्टा लाटाही त्याच वेगाच्या असतात. त्याही पुसल्या जातात. मग उपाय काय, तर कूलर. इन्व्हर्टरवरचा कूलर कॉटजवळ आणला की घाम वाळतो, आणि त्याच्या मोटारीची ५० हर्ट्झ सगळ्या पानावर पसरते. आम्ही कूलर खोलीबाहेर, खिडकीच्या पलीकडे उभा केला. त्याची वायर पेशंटच्या तारांपासून लांबून दुसऱ्या बोर्डाला नेली. तरी एका उन्हाळ्यात खरखर जाईना. शेवटी इलेक्ट्रिशियननं अर्थिंगचा खड्डा दाखवला: मीठ-कोळसा कोरडाठक पडलेला. तेव्हापासून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीनं पाणी ओतणं हे माझ्या कामात धरलेलं आहे. नॉच बहुतेक वेळा बंदच असतो.

आमच्याकडे ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणतात, म्हणून हेही सांगते. माणसाच्या मेंदूचा आलेख पहिल्यांदा टिपला तो जर्मनीतल्या येना शहरात, हान्स बर्गर यांनी, १९२४ साली. छापून यायला १९२९ उजाडलं. मधली वर्षं त्यांनी ही लाट नाडीची तर नाही, स्नायूंची तर नाही, हे तपासण्यात घालवली. यंत्र साधं, फिल्टरचं आजच्यासारखं सुख नाही, तरी शंका एकेक करून फेडत गेले. या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

गंगाखेडच्या बाजूची एक मुलगी आली होती, तिसरीतली. सोबत आई अन् आज्जी. आई म्हणाली, “ताई, लेकरू लिहिता लिहिता मधीच थांबायलंय. गुरुजी म्हणायलेत, हिचं ध्यान नाही.” आज्जीनं दाराकडं बघत हळूच सांगितलं, “फेफरं तेवढं लिहू नका बाई. पोरीची जात हाय.” हे मी अनेकदा ऐकलेलं आहे. १९९९ साली कायदा बदलून अपस्मार, म्हणजे हेच फेफरं, हे हिंदू विवाह रद्द करायचं कारण राहिलं नाही, पण गावातल्या बोलण्यातून ते अजून गेलेलं नाही. म्हणून आलेखात अपस्माराची खूण म्हणून दिसणाऱ्या एकेका अणकुचीदार टोकाची जबाबदारी वाटते. स्नायूची खरखर टोकासारखी दिसली तर नसलेला आजार त्या पोरीला चिकटतो. खरं टोक पुसलं गेलं तर ती ‘ध्यान नसलेली’ म्हणून वर्गात मार खात राहते.

डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या भागात सुरेख अल्फा लय आली. मग तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायचा भाग. लहान लेकरांना त्यासाठी मी कागदाची भिंगरी देते. तिनं सगळा जीव लावून फुंकायला सुरुवात केली आणि कानशिलाजवळच्या रेषा काळ्याभोर, जाड झाल्या. शेजारी शिकायला आलेली मुलगी माऊसवर हात ठेवून म्हणाली, “ताई, वरचा १५ वर घेऊ?”

मी नको म्हटलं. वरचा फिल्टर १५ वर आणला की स्नायूंची खरखर जात नाही, तिचे काटे नुसते गोल होतात आणि मेंदूच्याच लाटा वाटाव्यात असं रूप घेतात. खऱ्या टोकाची धारही त्याच वेळी बोथट होते. ती म्हणाली, फाइलमध्ये तर सगळं कच्चंच साठतंय, फिल्टर नुसता दिसण्यापुरता, नंतर काढता येईल. तिचं म्हणणं खरं होतं. फिल्टर नंतर काढता येतो. पण सुटलेला इलेक्ट्रोड नंतर दाबता येत नाही, आणि लेकराला जबडा सैल सोड असं नंतर सांगता येत नाही. चालू रेकॉर्डिंग बघत बसायचं ते एवढ्यासाठीच. मी कॉटजवळ गेले. मुलगी दात आवळून फुंकत होती. गालाला बोट लावून म्हटलं, “बाळा, दात सोड. ओठ ढिले.” दोन-तीन श्वासांत रेषा बारीक झाल्या.

आणि थोड्या वेळानं भिंगरी थांबली. डोळे उघडे, नजर कुठंच नाही. पडद्यावर सगळ्या रेषा एकदम उसळल्या: टोक आणि लाट, टोक आणि लाट, सेकंदाला तीन. बोस्टनमध्ये गिब्ज, डेव्हिस आणि लेनक्स यांनी १९३५ मध्ये हाच नमुना मांडला होता. मी मोठ्यानं म्हटलं, “पेरू.” सात-आठ सेकंदांनी पान पुन्हा शांत झालं आणि ती काहीच न झाल्यासारखी फुंकायला लागली. विचारलं, मी कोणता शब्द सांगितला? ती म्हणाली, “तुम्ही काय म्हणलातच नाईत.” आई पडद्याकडं बोट करून म्हणाली, “असंच होतंय हिला. भाकर हातात राहती.”

निदान सांगणं माझं काम नाही. ते डॉक्टरांनी सांगितलं, आज्जीला समोर बसवून, नाव घेऊन. हा लहानपणचा अपस्मार औषधानं बहुधा चांगला आटोक्यात येतो, पुष्कळ मुलांचा मोठेपणी सुटतो, हेही सांगितलं, आणि गुरुजींसाठी चिठ्ठी दिली. नंतर त्यांनी शिकाऊ मुलीला बोलावून तेच पान आधी ७० वर, मग १५ वर लावून दाखवलं. १५ वर टोकं खचली, नुसत्या लाटा उरल्या.

काही महिन्यांनी ती परत आली तेव्हा मी आधीचीच सेटिंग लावली: ०.५, ७०, नॉच बंद. सेटिंग वेगळी असती तर फरक औषधाचा की फिल्टरचा, हे कोण सांगणार? तीन मिनिटं भिंगरी फिरत राहिली. मधेच मी “सीताफळ” म्हटलं होतं. शेवटी विचारलं तर तिनं बरोबर सांगितलं, आणि लगेच, भिंगरी घरी नेऊ का म्हणून विचारलं. डॉक्टरांनी गोळ्या तशाच चालू ठेवायला सांगितल्या आणि पुढची तारीख लिहून दिली.