आधी प्रश्न, मग पान

संकेतस्थळ उभारताना मजकुराची आठवण बहुधा सर्वांत शेवटी होते. रंग ठरतात, छायाचित्रे निवडली जातात, वरच्या पट्टीत ‘आमच्याविषयी’, ‘उद्दिष्टे’, ‘सेवा’, ‘संपर्क’ असे मथळे लागतात आणि मग या रिकाम्या चौकटी भरून द्या, असा निरोप लेखकाकडे येतो. मजकुराचे नियोजन हाच माझा व्यवसाय आहे, आणि माझे ठाम मत आहे की हा क्रम उलटा हवा. पान कोणाच्या कोणत्या प्रश्नाला उत्तर देणार हे ठरल्याशिवाय ते जन्मालाच येऊ नये. दुकानाच्या संकेतस्थळावर हे चुकले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते. सरकारी कार्यालयाला मात्र पर्याय नसतो. पानावर उत्तर मिळाले नाही तर माणूस मजुरी बुडवून तालुक्याला हेलपाटा घालतो. म्हणून मला इथे नागरिकांच्या कामाच्या मजकुराबद्दलच बोलायचे आहे.

आपल्याकडचे दोन कायदे शेजारी ठेवून वाचले तर कार्यालयाच्या बाजूने लिहिणे आणि नागरिकाच्या प्रश्नापासून लिहिणे यांतला फरक स्पष्ट दिसतो. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 मधल्या कलम 4(1)(ख) ने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला 17 बाबी आपणहून प्रसिद्ध करायला सांगितल्या. त्यांची सुरुवात होते ती प्राधिकरणाची रचना, कार्ये आणि कर्तव्ये यांपासून. पुढे अधिकाऱ्यांचे अधिकार, निर्णय घेण्याची पद्धत, नियम, वेतन, अंदाजपत्रक. कारभार उघडा पडावा म्हणून ही यादी मोलाचीच आहे, पण ती कार्यालयाच्या बाजूने लिहिलेली आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 ची मागणी वेगळी आहे. सेवा कोणती, ती किती दिवसांत मिळेल, अर्जाचा नमुना आणि शुल्क काय, पदनिर्देशित अधिकारी कोण, आणि काम झाले नाही तर पहिले व दुसरे अपील कोणाकडे, हे सूचना फलकावर आणि संकेतस्थळावर लावा, असे हा कायदा सांगतो. हे खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाचे प्रश्न आहेत, जवळजवळ त्याच्याच क्रमाने. मजकुराचा इतका चांगला आराखडा कायद्यानेच हाती दिलेला असताना अनेक कार्यालयांची संकेतस्थळे अजून पहिल्या यादीच्या वळणानेच मांडलेली दिसतात. रचना, आकृतिबंध, मान्यवरांची छायाचित्रे, आणि सेवा कुठेतरी तिसऱ्या पातळीवर.

वाचक पडद्यावर कसा वाचतो हे माहीत असेल तर या मांडणीचे नुकसान किती, ते कळते. वापरसुलभतेचे संशोधक जॉन मॉर्क्स आणि जेकब नील्सन यांनी 1997 मध्ये केलेल्या अभ्यासात 79 टक्के लोक नवे पान नुसते नजरेखालून घालत होते. शब्द न् शब्द वाचणारे 16 टक्केच निघाले. त्याच अभ्यासात एकच मजकूर निरनिराळ्या प्रकारे लिहून पाहिला गेला. निम्म्या लांबीचा केला तेव्हा त्याची उपयुक्तता 58 टक्क्यांनी वाढली, नजर ठरेल अशी मांडणी केल्यावर 47 टक्क्यांनी, आणि बढाईची भाषा काढून टाकल्यावर 27 टक्क्यांनी. तिन्ही गोष्टी एकत्र केल्यावर वाढ 124 टक्के होती. मला यातला बढाईचा आकडा फार महत्त्वाचा वाटतो. ‘नागरिकांच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध’ हे वाक्य निरुपद्रवी समजले जाते. प्रत्यक्षात ते वाचकाचे लक्ष खाते, आणि जूनमध्ये मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला काढायला निघालेल्या आईकडे तेवढेही लक्ष शिल्लक नसते.

प्रश्नापासून सुरुवात करण्याचा मोठा प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. ऑक्टोबर 2012 मध्ये ‘गव्ह डॉट यूके’ हे सरकारचे सामाईक संकेतस्थळ सुरू झाले आणि पुढच्या दोनेक वर्षांत मंत्रालये व तीनशेहून अधिक सरकारी संस्था आपापली संकेतस्थळे सोडून तिथे आल्या. स्थलांतर करताना जुनी पाने सरसकट उचलून नेली नाहीत. हे पान कोणाला, कशासाठी लागते याचे उत्तर मागितले गेले. सुट्ट्यांचे पान त्या शिस्तीचा चांगला नमुना आहे: पुढची सार्वजनिक सुट्टी कधी, ते सर्वांत वर, सर्वांत ठळक. तिथे लेखकाचे काम पाने वाढवणे हे नव्हतेच; कोणते पान लागणार नाही हे सांगण्याचा अधिकार त्याला होता. आपल्याकडे लेखकाला हा अधिकार क्वचितच मिळतो, आणि माझ्या मते मूळ दुखणे तेच आहे.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. सरकारी भाषा बोजड असते कारण ती नेमकी असते. सोपे लिहायला गेलो तर एखादी अट सुटेल, आणि त्यावर बोट ठेवून कोणी न्यायालयात जाईल. या भीतीला अर्थ आहे. पण नेमकेपणा तपशिलात असतो. ‘अर्जदाराने विहित नमुन्यातील अर्ज आवश्यक त्या कागदपत्रांसह सक्षम प्राधिकाऱ्याकडे सादर करावा’ या वाक्यात एकही नेमकी गोष्ट नाही: कोणता नमुना, कोणती कागदपत्रे, कोणता अधिकारी? सोपे लिहिताना ही तिन्ही उत्तरे द्यावीच लागतात. यासाठी कामाची विभागणी हवी. विषयाचा जाणकार अधिकारी तथ्य तपासेल, वाक्यरचना लेखक ठरवेल, आणि मूळ शासन निर्णयाचा दुवा पानाखाली राहील.

दुसरा आक्षेप असा की, माहिती अधिकाराचा कायदाच सगळे प्रसिद्ध करायला सांगतो, मग निवड कशी करायची? त्याच कायद्याचे कलम 4(4) पाहावे. माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागातली सर्वांत परिणामकारक पद्धत यांचा विचार व्हावा, असे ते म्हणते. म्हणजे 17 बाबी असाव्यातच, पण दाखल्याच्या वाटेत आडव्या नसाव्यात. शासन निर्णयाचे तिरपे स्कॅन केलेले पान चढवले की माहिती प्रसिद्ध झाली, असे मानणेही या कलमाशी जुळत नाही. चित्ररूप मराठी शोधयंत्राला सापडत नाही, अंध व्यक्तीचे पडदावाचक सॉफ्टवेअर ती वाचू शकत नाही, आणि मोबाइलवर ती बोटांनी ताणून वाचावी लागते. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे. आता याला तांत्रिक सबब उरलेली नाही.

अलीकडे असेही म्हटले जाते की लोक यापुढे पाने वाचणारच नाहीत, यंत्राला विचारतील. विचारू देत. यंत्र उत्तर आणणार ते याच पानांवरून. एका पानावर जुने शुल्क, दुसऱ्यावर नवे आणि तिसऱ्यावर बदलून गेलेल्या अधिकाऱ्याचे नाव असेल, तर त्यातले काहीही बेधडक सांगितले जाईल. म्हणून मी नियोजनाचा तक्ता करतो तेव्हा प्रश्न आणि विचारणारा यांच्या रकान्यांनंतर आणखी दोन रकाने ठेवतो: या पानाची जबाबदारी कोणत्या पदाकडे, आणि ते पुन्हा तपासायची तारीख कोणती. व्यक्तीचे नाव लिहून चालत नाही, कारण बदली होते. हे दोन रकाने भरता येत नसतील तर ते पान प्रसिद्ध करू नये, असाच सल्ला मी देतो. कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक तेवढा ठळक ठेवावा, आणि तिकडे फोन उचलला जाईल एवढे पाहावे.