झांजेला फेडर नाही

झांजेसमोर माइक लावायचा नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. चिंचपोकळीच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली, त्यात दाटीवाटीने बसलेली बारा माणसं, पेटी, पखवाज आणि पितळेची ती जोडी. अशा खोलीत माइक कुठेही ठेवा, झांज आपणहून येऊन बसते. माझ्याकडे एकूण आठ माइक. बुवांना एक, पेटीला एक, पखवाजाला दोन (धूम वेगळी, शाई वेगळी), कोरसला तीन आणि एक दाराच्या चौकटीवर, अख्ख्या खोलीसाठी. झांज वाजवणारे माझे आजोबा. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आपल्यासमोर माइक नाही हे त्यांनी पाहिलं, पण काही बोलले नाहीत.

घाई होती. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली होती, दिवाळीनंतर खोल्या खाली करायच्या होत्या. भाडं घेऊन कुणी डोंबिवलीला, कुणी नालासोपाऱ्याला. कोकणातून गिरणीत आलेल्या माणसांचं हे भजनी मंडळ दर गुरुवारी याच खोलीत बसायचं. कल्याणहून गुरुवारी रात्री झांज वाजवायला परत येणार कोण? म्हणून एक रूपाचा अभंग, एक गौळण आणि शेवटचा गजर, एवढं तरी नीट रेकॉर्ड करून ठेवायचं ठरलं.

माझं मशीन म्हणजे झूम आर-सिक्स्टीन. २००९ सालचं मॉडेल, मी सेकंडहँड घेतलेलं. पाठीवरच्या सॅकेत मावतं, सहा पेन्सिल सेलवर चालतं, एका वेळी आठ माइकचे आठ वेगळे ट्रॅक एसडी कार्डवर उतरवतं. कंडेन्सर माइकला लागणारी फँटम पॉवर फक्त पाचव्या आणि सहाव्या इनपुटला मिळते, त्यामुळे चांगले दोन माइक कुठे जाणार हे मशीनच ठरवतं. लॅपटॉप आणला असता तर त्याचा पंखा रेकॉर्ड झाला असता आणि मंडळी ताठ होऊन बसली असती. या डब्याकडे दहा मिनिटांनी कुणी बघेनासं होतं.

स्टुडिओत प्रत्येकाला हेडफोन देतात, कानात क्लिक सोडतात आणि एकेकाला वेगळं वाजवायला लावतात. गजराचं तसं करता येत नाही. तो संथ सुरू होतो आणि कुठे चढायचं हे कुणी ठरवलेलं नसतं. बुवा पेटीवरून मान वर करतात, पखवाजवाला हात उचलतो आणि सगळी खोली पुढे सरकते. त्यामुळे सगळ्यांना एकदमच वाजवू दिलं. भिंतींवर गोधड्या टांगल्या आणि दार लावून घेतलं. फास्ट लोकल तरी धडधडत गेल्याच.

खरं काम नंतर. मिक्सडाउन म्हणजे आठ ट्रॅकचे दोन करायचे, डावा आणि उजवा. या मशीनवर ते गाणं चालू असतानाच होतं. गजर अकरा मिनिटांचा, तर मिक्सडाउनही अकरा मिनिटांचा. बोटं फेडरवर, समोर कागद: चौथ्या मिनिटाला कोरस वर, सातव्याला पेटी खाली. नवव्या मिनिटाला बोट घसरलं की पुन्हा पहिल्यापासून. मला हे आवडतं. हे वाजवण्याच्या जवळचं आहे.

आठही फेडर वर केले तेव्हा मात्र भजन पत्र्याच्या डब्यात चालल्यासारखं वाटलं. आवाजाला एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. आबांची झांज आधी बुवांच्या माइकमध्ये शिरते, मग पेटीच्या, मग कोरसच्या, शेवटी दारावरच्या. तोच आघात थोड्याथोड्या अंतराने आठदा येतो. आठ प्रती एकमेकींवर पडल्या की काही कंपनं एकमेकींना खाऊन टाकतात आणि आवाज पातळ होतो. कोरसचे दोन माइक पूर्ण बंद केल्यावर कोरसच भरदार झाला.

झांज कमी करायची तर तिचा फेडरच नव्हता. उरतो ट्रेबल. प्रत्येक ट्रॅकला ईक्यू असतो. वरच्या पट्टीचे आवाज उतरवले की झांज मवाळ होते, पण त्याच पट्टीत बुवांचे ‘स’ आणि ‘च’ही असतात. झांज दाबली की शब्द बोबडे होतात.

मी मधला काटा धरला आणि गजर मंडळाच्या ग्रुपवर टाकला. उत्तरं आली: झांज फार आहे, आणि पखवाज कुठाय? दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. सगळ्यांनी तो फोनच्या स्पीकरवर ऐकला होता. एवढ्याशा स्पीकरमधून पखवाजाची धूम निघतच नाही, वरचं तेवढं निघतं. झांज म्हणजे सगळं वरचंच. शिवाय एकाने हळूच लिहिलं, सातव्या मिनिटाला झांज लयीच्या पुढे पळते, ते झाकता आलं तर बघ.

मग आबांना हेडफोन लावले. दोन मिनिटं ऐकून त्यांनी एक कान मोकळा केला. ‘‘झांज खंय गेली गो?’’

असले घरगुती मल्टिट्रॅक १९७९ पासूनचे. त्या वर्षी टास्कॅमने पोर्टास्टुडिओ १४४ काढला, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक. जानेवारी १९८२मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या घरात त्यावर नुसती कच्ची गाणी टेप केली. नंतर बँड बोलावून तीच गाणी पुन्हा वाजवून पाहिली, पण ‘नेब्रास्का’ म्हणून बाहेर आली ती घरातली कॅसेटच. हे मला पाठ आहे, कारण त्याच महिन्याच्या १८ तारखेला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात आबा होते. ते परत आत गेले नाहीत.

त्याआधी चौदा वर्षं ते साचेखात्यात होते. धोट्याच्या साच्यांचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो आणि तिथे माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात. लँकेशायरच्या गिरण्यांत बायकांनी अशा ओठांच्या बोलीला ‘मी-मॉ’ असं नावच दिलं होतं. अशा आवाजाने कान जातो तो आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास, मग तिथून पसरत. झांजेचा चकचकाट नेमका तिथे आणि त्याच्या वर. मंडळाला जी झांज टोचत होती, ती वाजवणाऱ्यालाच ऐकू येत नव्हती. जोरात वाजवतात म्हणून त्यांच्यावर वर्षानुवर्षं विनोद झाले. मीही हसले आहे.

मग ते लयीत राहतात कसे? विचारलं तर म्हणाले, पखवाजवाल्याचा हात बघून. रेकॉर्डिंगमध्ये हात दिसत नाही.

त्यांच्यासाठी मी वेगळं मिक्स केलं. ट्रेबल जाईल तेवढा, म्हणजे बारा डेसिबल, वर नेला. पण गेलेला कान त्याने भागत नाही, म्हणून मुख्य भर पखवाजावर दिला: शाई अगदी मधोमध, धूम जाड, कोरस मागे, बुवा त्याहून थोडे मागे. इतर कुणी ऐकलं असतं तर हेडफोन काढून फेकले असते. बुवांनी तर नक्कीच.

आबा पलंगावर मांडी घालून बसले. पाचेक मिनिटांनी उजवा हात गुडघ्यावर पडायला लागला. सातव्या मिनिटाला तो थांबला.

‘‘हय मी धावलंय,’’ ते म्हणाले. मी म्हटलं, मंडळाला ते झाकून हवंय, बघते काही जमतं का. त्यांनी हेडफोन न काढताच हात हलवला. ‘‘ऱ्हवांदे तसाच.’’

ग्रुपवर शेवटी गेलं ते मधलंच मिक्स, पखवाज थोडा उचललेला, सातवं मिनिट आहे तसं. ते फोनवर ऐकू नका, हेडफोन लावा, असं खाली लिहिलं. तिघांनी अंगठा दाखवला. आबांचं मिक्स त्याच कार्डावर आहे, आणि न मिसळलेले आठ ट्रॅकही. बुवांच्या मुलाने परवा विचारलं, फक्त बाबांचा आवाज वेगळा काढून मिळेल का. त्यांच्या माइकचा ट्रॅक मी तसाच पाठवून दिला. त्यात सगळ्यात स्पष्ट झांज आहे.