तेरावा गडी

माणसाला एखादा छंद असावा, असे शाळेच्या पुस्तकांत सांगितलेले असते. कोणता नसावा, हे मात्र कोणी सांगत नाही. पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, काड्यापेट्यांचे छाप, इथवर घरची मंडळी समजून घेतात. माझा छंद ऐकला की समोरचा माणूस आधी हसतो, आणि मग आमच्या सौभाग्यवतींकडे सहानुभूतीने पाहतो. मी एकोणिसाव्या शतकातल्या खेळाडूंची छायाचित्रे जमवतो. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात माझ्या पेन्शनीचा किती भाग गेला, याचा हिशेब घरात एकाच व्यक्तीकडे आहे, आणि ती व्यक्ती मी नव्हे.

या वेडाची खरी राजधानी अमेरिकेत आहे. तिथे बेसबॉल नावाचा खेळ म्हणजे आपल्याकडचे क्रिकेट. सिनसिनाटीच्या 'रेड स्टॉकिंग्ज' या संघाने १८६९ साली उघडपणे पगारी खेळाडू घेतले, आणि मग त्या खेळाडूंचे चेहरे घराघरांत हवेसे झाले. १८८६ पासून चार-पाच वर्षे 'ओल्ड जज' या सिगारेटच्या पाकिटांतून खेळाडूंची छोटी छायाचित्रे निघत. त्या काळी चेंडू हवेत असताना टिपणे स्टुडिओतल्या कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते. मग युक्ती काय, तर चेंडू दोरीने छताला टांगायचा आणि खेळाडूने तो झेलत असल्याचा आव आणायचा! काही चित्रांत ती दोरी स्पष्ट दिसते. आज त्याच चित्रांसाठी लोक मोठमोठ्या रकमा मोजतात. १८८८ मध्ये स्पॉल्डिंग नावाचे गृहस्थ दोन संघ घेऊन जगाच्या फेरीवर निघाले. ते कोलंबोत खेळले, पुढे इजिप्तला जाऊन पिरॅमिडांच्या पायथ्याशी खेळले, आणि तिथल्या स्फिंक्सवर चढून त्यांनी छायाचित्रही काढून घेतले. कलकत्त्याला यायचा त्यांचा बेत होता, तो मात्र वाटेतच रद्द झाला. नाहीतर मीही कदाचित बेसबॉलच्या नादी लागलो असतो.

आपल्याकडे हा मान क्रिकेटचा, आणि क्रिकेटमध्ये पहिला मान पारशी मंडळींचा. त्यांचा ओरिएंट क्लब १८४८ चा. १८८६ साली त्यांचा संघ विलायतेला गेला. अठ्ठावीस सामन्यांपैकी एकच जिंकून परत आला. खचतील तर ते पारशी कसले! १८८८ मध्ये ते पुन्हा गेले, आणि या खेपेस आठ सामने जिंकले. एकट्या डॉक्टर पावरींनी १७० बळी घेतले. तोवर छायाचित्रणाची कलाही इथे रुळली होती. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच निघाली होती, आणि डॉक्टर भाऊ दाजी व त्यांचे बंधू नारायण दाजी यांचा तिच्याशी संबंध होता. म्हणजे खेळ आणि कॅमेरा आपल्याकडे जवळजवळ हातात हात घालूनच वाढले.

जुना फोटो ओळखायचा कसा, हे वाचकांपैकी कोणी विचारील म्हणून थोडक्यात सांगतो. त्या काळचा बहुतेक कागद 'अल्ब्युमेन'चा, म्हणजे चक्क अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला. कागद पातळ असतो, म्हणून तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असतो. रंग तपकिरी, कडेला पिवळट पडलेला. भिंगाखाली धरला तर कागदाचे तंतू दिसतात. ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते छापखान्यातले चित्र समजावे आणि पाकीट खिशात परत ठेवावे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात हा कागद मागे पडत गेला; त्यामुळे चित्राचे वय ठरवायला त्याची मोठी मदत होते.

अशा या छंदापायी मी गडचांदूरला जाईन, असे मात्र कधी वाटले नव्हते. माझा एक जुना सहकारी बँकेच्या बदलीवर तिकडे होता. त्याने मोबाइलवर एक अंधूक चित्र पाठवले: काचेच्या फ्रेमीत दोन रांगांत बसलेले-उभे साहेब, पुढे तीन दांड्या आणि दोन बॅटी. खाली त्याने लिहिले होते, "तुमच्या कामाचे आहे का पाहा." मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीचे तिकीट काढले.

नागपूरहून चंद्रपूर, तिथून बल्लारपूर, मग वर्धा नदीचा पूल ओलांडला की राजुरा. इथून पुढे प्रदेशाचा चेहरा बदलतो. दोन्ही बाजूंना काळी कसदार जमीन आणि दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटलेली पांढरीशुभ्र कपाशी; आणि दूरवर, शेतातच उगवल्यासारखी दिसणारी सिमेंट कारखान्यांची धुराडी. या भागाच्या पोटात चुनखडी आहे, आणि तिने गेल्या चार-पाच दशकांत गडचांदूरचे नशीब पालटले. खेड्याचे शहर झाले, नगरपरिषद आली, नाक्यावर देशभरच्या पाट्यांच्या मालमोटारी उभ्या राहू लागल्या. चहाच्या टपरीवर एका बाकावर तेलुगू, दुसऱ्यावर हिंदी आणि तिसऱ्यावर चंद्रपुरी मराठी ऐकू येते. झाडांच्या पानांवर करड्या धुळीचा थर असतो. पावसाळ्यात तेवढा धुऊन निघतो. रोजगार आणि धूळ एकाच धुराड्यातून येतात, आणि इथला माणूस दोन्हींविषयी एकाच वाक्यात बोलतो.

गावाच्या नावातला 'गड' म्हणजे माणिकगड. जिवतीकडे जाणारा रस्ता सागाच्या रानातून डोंगर चढू लागतो, त्या डोंगरांत हा किल्ला आहे. माना नागवंशी राजांनी तो बांधला आणि माणिकादेवीवरून त्याला नाव पडले, अशी परंपरा आहे. मोठमोठ्या काळ्या दगडांचा तट आहे, आणि दरवाजावर कोरलेला नाग अजून आल्यागेल्याकडे पाहत असतो. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर सुट्टीच्या दिवशी जत्रा लोटते. इथे मी गेलो तेव्हा गुरे वळणाऱ्या एका मुलाखेरीज कोणी नव्हते. तटावर उभे राहिले की एका बाजूला रानाचे निळे थर आणि दुसऱ्या बाजूला धुराडी, असे दोन काळ एका नजरेत येतात.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. हा राजुरा भाग ब्रिटिशांच्या नव्हे, निजामाच्या राज्यात होता. आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९५६ साली तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला. त्यामुळे इथल्या जुन्या घरांची तोंडे दक्षिणेकडे, हैदराबादकडे असत. नोकरी तिकडे, कोर्टकचेरी तिकडे, आणि दुष्काळ पडला की पोट भरायची वाटही तिकडेच. माझ्या फोटोचे कोडे या इतिहासात दडलेले होते.

मित्राने मला ज्या घरी नेले ते मातीच्या भिंतींचे, पण पुढे सिमेंटची नवी ओसरी काढलेले. घरात ऐंशीच्या घरातल्या आजी, त्यांचा मुलगा आणि कारखान्यात कंत्राटी कामावर जाणारा नातू. "या जी, बसा," म्हणून आजींनी सतरंजी टाकली, आणि काही बोलायच्या आत ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी पुढे आली. जेवण होईतो फोटोचा विषय काढायचा नाही, हे मी आपणहून ओळखले.

फोटो देव्हाऱ्याशेजारी टांगलेला होता. उतरवून उजेडात आणला. कागद अल्ब्युमेनचा, शंका नाही. अकरा गोरे खेळाडू, एक लांब पांढऱ्या कोटातला पंच, आणि अगदी उजव्या कडेला, चौकटीत जेमतेम मावलेला, एक अनवाणी माणूस. डोक्याला मुंडासे, काखेत दांड्यांची पिशवी, नजर थेट कॅमेऱ्यात. खाली पुठ्ठ्यावर शाईने नावे लिहिलेली: कॅप्टन अमुक, लेफ्टनंट तमुक. बारा माणसांची बारा नावे. तेराव्याखाली कोरी जागा. कोपऱ्यात स्टुडिओचा शिक्का होता. पण नाव वाळवीने खाल्लेले, आणि उरले होते ते फक्त 'सिकंदराबाद'.

"हे माह्या सासऱ्याचे वडील," आजी म्हणाल्या, आणि त्यांनी बोट कॅप्टनवर नव्हे, त्या तेराव्या माणसावर ठेवले.

घरात चालत आलेली हकीकत अशी: दुष्काळात गुरे मेली, तेव्हा हा तरुण पायी हैदराबादकडे निघाला. बल्लारपूरहून दक्षिणेला जाणारी रेल्वे तेव्हा नव्हतीच. सिकंदराबादच्या छावणीत त्याला मैदानावर रोलर ओढायचे काम मिळाले. काही वर्षांनी तो परतला, तो पितळेची एक परात आणि हा फोटो घेऊन. १८९६-९७ चा मोठा दुष्काळ आणि कागदाचा काळ, दोन्ही या हकीकतीशी जुळतात.

नातू व्यवहारी होता. त्याने मोबाइलवर शोधून ठेवले होते. "साहेब, हा राजा दीनदयाळांचा फोटो असंल, तर लई किंमत येते म्हणतात. खरं का?"

प्रश्न बरोबर होता. लाला दीनदयाळ मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे. रुडकीला शिकून इंदुरात सरकारी नोकरीला लागले, पुढे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि 'राजा' हा किताब मिळवला. १८८६ पासून त्यांचा स्टुडिओ सिकंदराबादलाच होता. त्यांच्या काचेच्या २,८५७ पट्ट्या १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. त्यांचे नाव लागले की फोटोचा भाव चढतो, हे बाजारातला प्रत्येक दलाल जाणतो. "नाही" म्हटले असते, तर फोटो मला स्वस्तात मिळाला असता. "हो" म्हटले असते, तर उद्या कोणी दलाल त्यांना किंवा ते कोणाला फसवणार. मी जे दिसत होते तेच सांगितले. गाव जुळते, काळ जुळतो, पण नाव वाळवीने खाल्ले आहे. आणि सिकंदराबादेत फोटो काढणारे ते एकटेच नव्हते. मग मी माझ्या ऐपतीतला आकडा सांगितला. नातवाच्या बहिणीची कॉलेजची फी त्यात सहज निघाली असती, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसले. तो आजीकडे पाहू लागला.

आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही नेल्यावर यायचं नाव कोणाले माहीत राहीन जी? तुमच्याकडं हे साहेब लोकांचा फोटो होईन. इथं आमच्या आजोबांचा हाय."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. कारण ते खरे होते. बाजारात या चित्राचे वर्णन पलटणीच्या नावाने झाले असते, आणि उजव्या कडेचा माणूस 'एक नोकर' या दोन शब्दांत संपला असता. मराठीत 'गडी' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: खेळणारा तोही गडी आणि राबणारा तोही गडी. त्या पुठ्ठ्यावर पहिल्या अर्थाच्या गड्यांची नावे होती, दुसऱ्याचे नव्हते.

मला त्या क्षणी पळवणकर बाळू आठवले. १८७६ साली धारवाडला जन्मलेला हा चांभार समाजातला मुलगा पुण्यात गोऱ्यांच्या क्लबावर मैदान राखायचा, खेळपट्टी करायचा आणि सरावाला साहेबांना गोलंदाजी टाकायचा. फलंदाजी त्याला करू देत नसत, असे सांगतात. पुढे हिंदूंच्या संघात त्याला घ्यावे लागले; पण मैदानावर खांद्याला खांदा लावणारे चहाच्या वेळी त्याला बाहेर मातीच्या भांड्यात चहा देत. त्याच बाळूने १९०६ मध्ये युरोपियनांना हरवण्यात मोठा वाटा उचलला, आणि १९११ च्या विलायतेच्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. बाळूंचे नाव राहिले, कारण त्यांच्या हाती चेंडू आला. ज्यांच्या हाती फक्त रोलरच राहिला, त्यांची नावे फार तर अशा एखाद्या देव्हाऱ्याशेजारी सापडतात.

फोटो तिथेच राहिला. फ्रेमीत काच कागदाला एका कोपऱ्यात चिकटली होती. ती ओढून काढू नका, कागदाचा लेप काचेबरोबर निघून येईल, एवढे मी त्यांना बजावले. फ्लॅश न लावता, ओसरीच्या सावलीत आम्ही चांगली प्रत काढून घेतली. चुलीच्या धुरापासून आणि भिंतीच्या ओलीपासून दूर, आतल्या खोलीत नवी खुंटी ठोकली. मग नातवाने एका स्वच्छ कागदावर तेरावे नाव, बापाचे नाव आणि गाव असे सगळे लिहिले आणि तो कागद फ्रेमीच्या पाठीमागे, फोटोला न चिकटवता, ठेवला. ते नाव मी इथे छापत नाही. ते त्या घराचे आहे. फीचे काय झाले, असे कोणी विचारील. प्रत काढू दिल्याबद्दल मी जे दिले, ते आजींनी नातीच्या हातात ठेवले. ते पुरेसे होते, असे मी म्हणणार नाही.

संग्रहात आज माझ्याकडे ती प्रत आहे. बाजारभावाने तिची किंमत शून्य. सौभाग्यवतींनी मात्र आजवर माझ्या या अल्बमात प्रथमच डोकावून पाहिले, आणि विचारले, "यातल्या बाकीच्यांची नावे कुठे आहेत?" बाकीची दीडशे चित्रे आता मी त्या नजरेने चाळतो आहे.

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरोघर दिवाळीची साफसफाई चालू असेल. माळ्यावरची ट्रंक उघडेल, तिच्यातून काळपट पडलेले पुठ्ठे निघतील, आणि कोणीतरी म्हणेल, "हे कोण आहेत कोण जाणे, द्या रद्दीत!" तसे करण्याआधी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला खुर्चीवर बसवा, चहा द्या, आणि फोटोतल्या एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारा. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, पाठीमागे नावे लिहा. चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकात वितळवून बंद करू नका. आणि विचारताना मधल्या खुर्चीवरच्या शेला-पागोटेवाल्यांपाशी थांबू नका. कडेला, अर्धवट कापला गेलेला जो कोणी उभा असेल, त्याचे नाव आधी विचारा. ते सांगणारे माणूस पुढच्या दिवाळीला असेलच, असे नाही.