फुलांचा शेजार

गढवालातली ‘फुलों की घाटी’ पाहून आलेला माणूस घरी येऊन फुलांची नावे सांगतो. मी मराठीचा मास्तर; मला नावे पाठ होत नाहीत. माझ्या लक्षात राहिले ते त्या फुलांचे शेजारपाजार!

फ्रँक स्माइथ हा इंग्रज गिर्यारोहक 1931 साली कामेट शिखरावरून परतताना या भ्यूंदर खोऱ्यात उतरला आणि थक्क झाला. त्याच्या पुस्तकामुळे ही दरी जगाला ठाऊक झाली. 1982 मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले, मेंढ्यांना मज्जाव झाला. आता फुले अधिकच बहरतील, असे कोणालाही वाटावे. आम्ही गेल्या श्रावणात घांगरियाहून दरीत शिरलो, तेव्हा फुले होतीच. परंतु जागोजागी पुरुषभर उंचीचे, पांढऱ्या तुऱ्यांचे एक दाट रान माजले होते.

“हा अमेला,” वाटाड्या म्हणाला. “माझे वडील मेंढ्या आणायचे, तेव्हा हा एवढा नव्हता. मेंढ्या खायच्या, तुडवायच्या.”

अमेला हा आपल्या चुक्याच्या कुळातला. त्याच्या रुंद पानांखाली ऊन पोचत नाही. मग ठेंगण्या फुलझाडांनी जगावे कसे? बळी तो कान पिळी! बरे, मुळाचा तुकडा जमिनीत राहिला तरी तो पुन्हा फुटतो, म्हणून वनखात्याला दरसाल तो उपटून काढावा लागतो. मेंढ्या बंद झाल्यामुळेच तो माजला की दरडी कोसळून मोकळ्या झालेल्या जमिनीमुळे, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. वाटाड्याला मात्र शंका नव्हती. ज्याची कुरणे गेली त्याच्याशी वाद घालायला मी काही धजलो नाही.

दुसऱ्या दिवशी हेमकुंडाची चढण. सौभाग्यवती खेचरावर, मी पायी (आणि दर वळणावर दगडावर). तिथे उंची सुमारे 4,300 मीटर. वारा असा, की कानटोपीतूनही कान दुखावेत. अमेला केव्हाच मागे राहिला होता. खडकांच्या बेचक्यांत ब्रह्मकमळे उभी होती. आमच्याबरोबर वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक मित्र होते. ते मात्र ब्रह्मकमळाकडे पाठ करून जमिनीवर चक्क पालथे पडले.

“इकडे या! हे बघा!”

जमिनीला चिकटलेला, हिरव्या उशीसारखा एक गच्च पुंजका होता आणि त्या उशीतून दुसऱ्याच जातीचे एक नाजूक रोप डोके वर काढून उभे होते. आजूबाजूच्या उघड्या खडीत तसले एकही नव्हते.

मित्र सांगू लागले. अशा उशीच्या आत वारा शिरत नाही. तिचीच जुनी पाने आत कुजून माती होते, ओल टिकते. उघड्यावर रात्री जमीन गोठते, फुगते आणि कोवळी मुळे उखडून टाकते. उशीत तो धोका कमी. वाऱ्यावर आलेले बी इथे अडकते आणि रुजते. खाली जो शेजारी ऊन हिरावून घेतो, त्याच्यासारखाच कोणी इथे पांघरूण घालतो.

हे नुसते कवित्व नव्हे. रे कॅलवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या 11 पर्वतप्रदेशांत 115 जातींवर प्रयोग केले. निष्कर्ष 2002 मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आले. रीत अगदी साधी: काही झाडांभोवतीचे शेजारी काढून टाकायचे आणि काय होते ते पाहायचे. खालच्या उंचीवर बहुधा मोकळी झालेली झाडे जोमाने वाढली. वरच्या उंचीवर एकटी पडलेली खंगली.

मी लगेच खूश होऊन म्हणालो, “म्हणजे संकटात सगळेच भाऊ!”

“थांबा,” मित्र म्हणाले. लडाखच्या कोरड्या उंचीवर थायलॅकोस्पर्मम नावाची दगडासारखी कठीण उशी आढळते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की ती इतर झाडांना आसरा देत नाही. गच्च मुठीत शिरायला जागा नको का?

उतरताना मित्र सारखे थांबत, वाकत. शेजारी वैरी कुठे होतो, ती रेघ त्यांना हवी होती. ती सापडली नाही. एकाच उतारावर वाऱ्याच्या तोंडच्या खडकापाशी एक न्याय होता आणि दहा पावलांवरच्या ओलसर खळग्यात दुसरा. तेवढ्यात पाऊस आला आणि खेचरवाल्याने आम्हां सर्वांनाच पुढे हाकलले.